मीनाचं तेवढं गाळून

सावळीरामनाना तरुणपणी गाणी म्हणायचे, एवढं चंद्रभागाबाईंना लग्नाआधीच कानावर आलं होतं. कसली गाणी, कुठं म्हटली, ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि नानांनी सांगितलं नाही. सायखेड्याची द्राक्षबाग, दोन लेकी, त्यांची लग्नं, यांत नाना मोजकंच बोलत. पाणी सोडलं, औषध मारलं, जेवायला वाढ. नवरा अबोल आहे असं बाईंनी मनाशी धरलं आणि त्यावर उभा संसार केला.

दिवाळीनंतर तेजस्विनी आली आणि बाईंचा तो समज खोटा पडला.

नाशिकच्या या तिशीतल्या मुलीला जुन्या रेकॉर्डी धुंडाळायचा नाद. पंचवटीत भिका नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला त्यानं दुकानामागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून स्वतःचा स्टुडिओ थाटला होता. तिथं कॉलेजातल्या सावळीरामनं गिटार वाजवत मराठीतून रॉक गायलं. असलं काही ऐकायची तेव्हा कुणाला सवय नव्हती. रेकॉर्ड निघाली, पण खपली नाही. वडील अंथरुणाला खिळले तशी गिटार विकून सावळीराम गावी आला. भिकाच्या माघारी घरच्यांनी टेपा भंगारात काढल्या, त्या तेजस्विनीच्या हाती लागल्या. तिनं त्या स्वच्छ करून इंटरनेटवर टाकल्या आणि लोक शोधू लागले, हा गाणारा कोण, कुठला.

माग काढत तीच सायखेड्याला पोचली आणि मग दर रविवारी येऊ लागली. नानांना 'सर' म्हणायची. नाना सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसत आणि ती आली की दुपारपर्यंत बोलत राहत. हसत सुद्धा. आत चहा उकळताना बाईंना वाटे, बाहेर बसलेला माणूस आपल्या घरातला नाहीच.

एका रविवारी तिनं टेप ऐकवली. नानांचा कोवळा, उसळता आवाज बाईंनी जन्मात पहिल्यांदा ऐकला. त्या दारातच उभ्या राहिल्या. दुसऱ्या कडव्याला त्यात एका बाईचा आवाज मिसळला.

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मीना. भिकाची बहीण," नाना म्हणाले. मग तेजस्विनीला म्हणाले, "तेवढं परत लाव."

मीना कधीच वारली होती, असं तेजस्विनीनं सांगितलं. बाईंना त्याचा उलट रागच आला. समोर असती तर झिंज्या उपटता आल्या असत्या. टेपेतल्या बाईचं काय करायचं? ती अजून विशीतलीच होती, आणि नाना डोळे मिटून तिला ऐकत होते.

त्या आठवड्यात तेजस्विनीचा फोन आला. नाशिकला कार्यक्रम ठरवला होता, टेपेवरची सगळी गाणी ऐकवायची होती. घरातला मोबाईल बाईंकडे असायचा. त्या म्हणाल्या की नानांना बरं नाही, डॉक्टरांनी बोलायची मनाई केलीय, आता येऊ नकोस.

रविवारी नाना सदरा घालून बसले. पुढच्याही रविवारी बसले. त्यानंतर त्यांनी इस्त्रीचा सदरा घातलाच नाही, सरळ बागेत निघून गेले. बाईंना वाटलं होतं, आता आपला माणूस आपल्याला परत मिळेल. तर नाना पाण्याचं, औषधाचंही बोलेनात.

शेवटी त्या बागेत गेल्या. नाना वेलीची नको असलेली कोवळी फूट खुडत होते.

"मीनाशी लग्न करायचं होतं तुम्हाला?"

"विचारलं होतं. ती नाय म्हणाली."

"अन् हो म्हणली असती तर?"

"तर तू हितं नसती."

बाई म्हणाल्या, "त्या पोरीला मीच येऊ नको म्हणले."

नानांचा हात थांबला. "का?"

"माझ्याशी तुम्ही इतकं कधी बोलले? त्या मेलीनं ऐकलं, ही पोरगी ऐकती. मी निस्ती चुलीपाशी."

"तू कधी विचारलं नाय."

"आता विचारते."

त्या दिवशी ओळीतून ओळीत सरकत नाना बोलत राहिले. मीना त्यात पुन्हा पुन्हा यायची. बाईंना एकेक शब्द काट्यासारखा रुते, तरी ते थांबले की त्या म्हणत, "मग?" संध्याकाळी त्यांनीच तेजस्विनीला फोन लावला, खोटं बोलले म्हणून सांगितलं आणि कार्यक्रमाचा दिवस विचारून घेतला.

कार्यक्रमाला बाई नानांशेजारी पहिल्या रांगेत बसल्या. मीनाच्या कडव्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. ते कडवं संपेपर्यंत त्या फक्त नानांच्या तोंडाकडे बघत होत्या.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "त्यातलं एक म्हणा."

"आता कुठला आवाज? गेला तो."

"मला कुठं पयला ठाऊक होता?"

नानांनी गाणं धरलं. आवाज फाटत होता, श्वास पुरत नव्हता. पहिलं कडवं संपल्यावर ते अडखळले. पुढं मीना गायची, हे बाईंना आता पाठ झालं होतं.

"तेवढं गाळा," त्या म्हणाल्या, "पुढलं म्हणा."

आणि नानांनी ते गाळलं.