निंबाच्या जागी मांजरपाट

खानदेशात लेक दिवाळीला माहेरी आली नाही तर लोक म्हणतात, असेल काही अडचण. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आली नाही, तर म्हणतात, माहेरात काहीतरी बिनसलं. जीवरामची पुष्पा दोन आखाज्या आली नव्हती. आता सांगा, लोकांची तोंडं कोण धरणार?

बिनसलं होतं ते एका निंबावरून. चोपड्याहून दोन कोसांवरच्या एका गावात जीवरामच्या अंगणातला निंब सगळ्या आळीचा होता. आखाजीला त्याच्यावर झोका चढायचा आणि माहेरवाशिणींची तिथं झुंबड उडायची. पुष्पा तर लहानपणापासून त्या झोक्यावरच वाढलेली. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, ती तिकडे लांब पिंपळनेरला नांदायला गेली, आणि दोनच महिन्यांत जीवरामने कुऱ्हाड घेऊन निंब आडवा केला. कमरेएवढा बुंधा तेवढा राहिला. कोणी विचारलं की म्हणायचा, "मुळ्या भिंतीत शिरत होत्या." भिंतीला तर केसाएवढी चीर नव्हती. खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. माणूस तसा देवभोळा, पण हट्टाला पेटला की दगड.

पुष्पाला कळलं तेव्हा तिने निरोप धाडला, "ज्या अंगणात मना झोका नही, तठे मी कशाले येऊ?" पोर बापावरच गेलेली! त्या वर्षी ती आली नाही. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले होते. आणि यंदा, पंचावन्न सालच्या चैत्रात, जावयाचं कार्ड आलं. मुलगी पाच महिन्यांची झाली आहे, पुष्पाच्या मनात यायचं आहे, पण तुमचं घर पत्र्याचं, अंगणात झाड नाही, वैशाखाच्या उन्हात लेकरू ठेवायचं कुठं? सावलीची सोय असेल तर कळवा, आखाजीच्या आदल्या दिवशी घेऊन येतो.

जीवरामने शाळेच्या मास्तरांकडून ते कार्ड दोनदा वाचून घेतलं. मग उलट टपाली एवढंच लिहवलं, "सावली आहे. या."

"कोठे शे सावली?" बेबाबाईने विचारलं. ती त्याची बायको, बोलायला फटकळ. "आखाजीले बारा दिवस. तेवढ्यात निंब उगणार का?"

"तू गप ऱ्हाय," म्हणत तो चोपड्याच्या रस्त्याला लागला. या वेळी पोर दारातून परत गेली, तर ती पुन्हा कधीच येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

चोपड्यात इंदरचंद शेठचं कापडाचं दुकान. जीवराम म्हणाला, "शेठ, चांगली जाड ताडपत्री द्या. अंगणावर बांधायची." शेठने गुंडाळी काढली. मागे गादीवर शेठची आई सज्जनबाई माळ ओढत बसली होती. मारवाडातून येऊन चाळीस वर्षं झालेली, पण नजर दुकानावरून हटायची नाही. तिने विचारलं, "सावलीत बसणार कोण?"

"नात. पाच महिन्यांची."

"मग ठेव ती ताडपत्री खाली!" म्हातारी कडाडली. "वारा आरपार जात नाही तिच्यातून. खाली भट्टी होते भट्टी! आमच्याकडे वाळवंटात लेकरू वाढवायचं म्हणजे काय, मला विचार. मांजरपाट घे, साधं सुती कापड, दुहेरी शिव. आणि पांढरा ठेवू नको, त्याची तिरीप डोळ्यांवर येते. बाभळीची साल उकळून त्यात बुडव. रंगही बसेल, कापडही टिकेल."

इंदरचंदने आईकडे पाहिलं. ताडपत्रीचं गिऱ्हाईक हातचं गेलं होतं. पण आईपुढे बोलायची त्याची काय टाप? मुकाट्याने त्याने मांजरपाट फाडला.

चार दिवस बेबाबाई शिवत होती. बोटांना सुया टोचल्या, तोंडाचा पट्टा चालूच राहिला, पण टाका एक इकडचा तिकडे झाला नाही. अंगणात मोठ्या कढईत बाभळीची साल रटरटली. कापडाला भाजलेल्या मातीचा रंग चढला. जीवरामने चार बांबू रोवले आणि लग्नाच्या मांडवासारखं कापड सपाट ताणून बांधलं. खाली उभा राहून त्याने वर पाहिलं. ऊन निवून खाली येत होतं. बेबाबाईसुद्धा म्हणाली, "बरं शे."

बरं राहिलं ते दुपारपर्यंत. दुपारी वारा सुटला. सपाट कापडाने पोट फुगवलं, खाली आपटलं, पुन्हा फुगवलं, आणि दोन बांबू उपटून सगळं लटांबर शेजारच्या भाईदासच्या कुडावर जाऊन पडलं. एक कोपरा टरकन फाटला.

"काय रे जीवराम," भाईदास ओरडला, "मांडव शे का पतंग शे हाऊ?"

एरवी जीवरामने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी त्याने कुडावरून कापड ओढून घेतलं. फाटका कोपरा हातात घेऊन निंबाच्या बुंध्याला टेकून बसला. आखाजी चार दिवसांवर होती. हाताने सावली तोडली, आता ती मागून कशी मिळेल, असं त्याच्या मनात आलं, आणि भरल्या उन्हात त्याला रडू फुटलं. बेबाबाईने ते आतून पाहिलं. तिने डोक्याला पदर गुंडाळला आणि तडक पुनाच्या घरी गेली.

पुना म्हणजे तमाशाच्या फडाबरोबर वीस वर्षं हिंडून तंबू ठोकणारा गडी. पाय अधू झाल्यापासून गावात बसून होता. लंगडत आला, कापड चाचपलं, आभाळाकडे पाहिलं.

"भाऊ, तू वारासंगे भांडाले निंघना," तो म्हणाला. "वारा कोन्हं ऐकस नही. त्याले वाट दे. दोन कोपरा वर, दोन खाले. वरचा आमनेसामने, खालचा आमनेसामने. कापडले पीळ पडना का ते फडफडस नही."

मग कामाला लागले. फाटक्या कोपऱ्यावर जुन्या मोटेच्या चामड्याचा तुकडा शिवला, आणि बाकीच्या तिन्हींवरही. बांबूंच्या जागी सागाचे वासे आणले, खोल खड्डे खणले, वासे बाहेरच्या अंगाला जरा कलते रोवले. दोन उंच कोपरे झाले. तिसरा खाली भिंतीतल्या कडीला बांधला. चौथा उरला. पुनाने निंबाच्या बुंध्यावर काठी आपटली.

"अठे बांध. हाऊ खुंट हालणार नही."

"तठे नही," जीवराम म्हणाला.

"का?"

जीवराम आत जाऊन कणगीमागून एक दोर घेऊन आला. जाड, हातांनी घासून गुळगुळीत झालेला. त्याच दोराने त्याने चौथा कोपरा बुंध्याला आवळला. पुनाने गाठ ओढून पाहिली.

दुपारी वारा आला. कापड थोडं कुरकुरलं आणि जागच्या जागी राहिलं. भाईदास कुडावरून पाहत होता. या खेपेला तो आपल्या घरात निघून गेला.

आखाजीच्या आदल्या दिवशी सर्विस मोटारीतून उतरून पुष्पा आली. जावयाच्या हातात गाठोडं, तिच्या खांद्यावर पोर. अंगणात पाऊल टाकलं आणि ती थबकली. वर पाहिलं. तांबूस सावली चांगली अर्ध्या अंगणावर पडली होती. मग तिची नजर कापडाच्या कडेने खाली उतरत बुंध्याशी आली. ती जवळ गेली, वाकली, दोरावरून हात फिरवला.

"आबा, हाऊ मना झोकाना दोर शे ना?"

"शे."

"तीन वरीस जपी ठेवा? मंग झाड का बरं तोडं?"

जीवरामने भिंतीकडे पाहिलं. मुळ्यांचं कारण जिभेवर आलं होतं, पण पोरीच्या डोळ्यांपुढे ते टिकेना.

"तू गई, झोका तठेच ऱ्हायना," तो म्हणाला. "वारा उना का हाले. माले वाटे, तूच बठेल शे. धावत बाहेर येऊ, तं कोन्ही नही. भिंतनं सारं खोटं, माय. तो रिकामा झोका माले देखवे ना."

पुष्पाने तोंडाला पदर लावला.

"माले तीन वरीसपासून माहीत शे," चुलीजवळून बेबाबाई म्हणाली. "पण सांगे कोन? दोन्ही बापलेक एकाच मातीना."

पुष्पाला रडता रडता हसू आलं. खांद्यावरची पोर जागी होऊन वरच्या हलत्या कापडाकडे टकामका पाहत होती. पुष्पाने तिला उचलून बापाच्या हातांत दिलं.

"धरा. झाड तोडं ना तुम्ही? मंग आते हिना झोका तुम्हीच."

जीवरामने दोन्ही हातांची झोळी केली. आधी घाबरत, मग जरा मोकळ्या हाताने, तो नातीला सावलीत हलवू लागला. बेबाबाईने जेवायला दोनदा हाक मारली. उन्हं कलली तरी त्याने तिला खाली ठेवलं नाही.