मेंढीच्या लोकरीचा लांडगा

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे. एकलहऱ्याच्या बयाबाईंच्या घरात वळणीवर असते. आयुष्यात एकदा मला लांडगा व्हावं लागलं, तेही सिनेमातला. ती फजिती सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

जन्म माझा सिन्नरकडचा. मेंढ्यांची लोकर कातली, मागावर विणली आणि चिंचोक्याची खळ लावून मला उन्हात ताठ वाळवलं. बयाबाईंचे यजमान बारकूअण्णा वीज केंद्रात कामाला होते. त्यांनी मला घेतलं ते एका नेमासाठी. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला, बुवांच्या पायाखाली मला अंथरायचं. अण्णा गेले, नेम राहिला. बयाबाई मला स्वतः डोक्यावर घेऊन देवळात नेतात. तीस वर्षं मी कीर्तन ऐकते आहे. लोकरीला पाझर फुटत असता तर मी केव्हाच विरघळले असते.

गेल्या सप्ताहात, काल्याला चार दिवस असताना, बयाबाईंचा भाचा हिरामण आला. पिंपळगावला द्राक्षांच्या पेट्या भरतो आणि कीर्तनात टाळ धरतो. माणूस सोन्यासारखा, पण लांडगा होणाऱ्या माणसांच्या सिनेमांचा भलता नाद!

"आत्या, घोंगडी दे ना दोन दिवस. मला सिनेमात घेतलंय."

"तुला? कशाला?"

"लांडगा हाय मी. पुनवेला माणसाचा लांडगा होतो."

"मग घोंगडी काय करायची? तुझी दाढी पुरंल की." बयाबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "रविवारी काला हाय. जशी नेशील तशी आण. तुझ्या मामांची एवढीच वस्तू कीर्तनाला जाते."

"देवाशपथ, आत्या. दोरासुद्धा सुटणार नाय."

असा मेंढ्यांच्या लेकीचा लांडगा झाला.

सिनेमा काढणारा ललित म्हणजे लग्नाचे व्हिडिओ काढणारा माणूस. भर दुपारी वीज केंद्राच्या राखेच्या टेकाडामागे त्याने कॅमेऱ्याच्या काचेवर निळा कागद चिकटवला आणि म्हणाला, "झाली रात्र!" पौर्णिमेचा चंद्र म्हणजे काठीला बांधलेली स्टीलची परात. सुळे थर्माकोलचे, रक्त लाल सरबताचं. त्या रक्ताला अर्ध्या तासात अशा मुंग्या लागल्या की लांडगा गुरगुरणं सोडून अंग खाजवू लागला. गोष्ट तर काय वर्णावी! ज्याने चावलं तो लांडगाही मीच आणि ज्याला चावलं त्याचा झालेला लांडगाही मीच. घोंगडी एक, म्हणून दोघे समोरासमोर येतच नाहीत. आमचे बुवा एक उपरणं आणि एक शब्द यांवर आख्खी सभा उभी करतात, द्रौपदीचं रडू ऐकून बायकांचे पदर भिजतात. बुवांचा खर्च तर याहून कमी! इथे एवढी खटपट करून परातीत नुसती परातच दिसत होती.

मग ललितने धुरासाठी ऊद पेटवला आणि घोटाळा झाला. देवळातल्यासारखा उदाचा वास, अंगावर मी. हिरामणचे पाय आपोआप पावली खेळू लागले. दोन पावलं पुढे, एक मागे, हात वर.

"कट! हिरामणभाऊ, शिकार करायचीय, नाचायचं नाही!"

"पाय ऐकत नाय, भाऊ. ऊद इझवा मग."

"ऊद विझवला तर मागे तुमची मोटारसायकल दिसते!"

सात वेळा घेतलं, सातही वेळा लांडगा पावली खेळला. शेवटी ललितने हात टेकले आणि कात्री उचलली.

"कोपरे कापून कान करू. कानांशिवाय लोक अस्वल म्हणतील."

हिरामणने मला घट्ट धरलं. "नाय. आत्याला शब्द दिलाय."

"मग पोस्टर विसरा. बिनकानाच्या लांडग्याला कोण बघतो?"

आयुष्यात एकदा तरी पोस्टरवर दिसावं, ही त्याची लहानपणापासूनची हौस. त्याची मूठ हळूहळू सैल झाली. कात्री चालली. मला वाटलं, संपलं. फाटकं वस्त्र बुवांच्या पायाखाली कोण घालतं? दुसऱ्या कोपऱ्याला कात्री लागली तसा हिरामण ओरडला, "बास! एका कानाचा लांडगा चालंल!"

शनिवारी तो मला आणि माझा तुटका कोपरा पिशवीत घालून बयाबाईंपुढे उभा राहिला. मान खाली.

त्यांनी तुटल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ज्याच्यासाठी कापली, ते दाखव."

हिरामणने मोबाइल पुढे केला.

"अगं बाई, हा लांडगा हाय का न्हाव्याकडून पळालेला बोकड? आणि लांडगा कधीपासून घड्याळ घालतो रे?" बयाबाई एकेक चूक काढत होत्या आणि मला बरं वाटत होतं. मग धूर आला, लांडग्याने हात वर केले. दोन पावलं पुढे, एक मागे. बयाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ ओढला.

"ही पावली तुझ्या मामांची," त्या हळूच म्हणाल्या.

"त्यांनीच शिकवली ना, आत्या."

"परत लाव."

त्यांनी तो तुकडा चार वेळा पाहिला. त्या भिकार सिनेमात तेवढं एक खरं होतं, हे मलाही कबूल करावं लागतं. मग त्यांनी डोळे पुसून सुईदोरा हिरामणपुढे टाकला. "तू कापलीस, तूच शिव. उद्या जायचंय तिला."

मित्रांनो, उसनी आणलेली वस्तू पोरकी नसते. तिच्यात कुणाचा तरी जीव असतो. तिला कात्री लावण्याआधी त्या माणसाचं तोंड आठवा.

रविवारी बुवांच्या पायाखाली मीच होते. हिरामणची शिलाई मात्र अशी ओबडधोबड, की तो कोपरा काही केल्या खाली बसेना. बुवांनी दोनदा पायाने दाबला, तरी कानासारखा उभाच. मी म्हटलं, राहू दे. लांडग्याला त्याचा उपयोग नव्हता. मला कीर्तन ऐकायचं होतं.