न विचारता माफ

"माझी हरकत आहे!"

पेटीताईचा पाय पायपेटीच्या भात्यावरच अडकला. चर्चमध्ये लग्नाची ही तिसरी, शेवटची पुकार. पाळकसाहेबांनी दोन नावं वाचायची, कुणाची हरकत आहे का विचारायचं, क्षणभर शांतता, की तिने गीताचा पहिला सूर द्यायचा. गावातल्या किती जोड्यांची ती शांतता तिने अशी संपवली होती! त्यात कधी कुणी शिंकलंसुद्धा नव्हतं. आज नावं तिची आणि चष्मेवाल्याची होती, आणि उभा राहिला तो तिचा सख्खा दादा.

"कारण सांगा," पाळकसाहेब म्हणाले.

"आईचं कोण करणार? या वयात हिला थेरं सुचतायत!"

"तू कर की," पेटीताई म्हणाली. "मुलगा आहेस ना तिचा?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. दादाच्या कानशिलाच्या शिरा फुगल्या.

"याला एकदा नाही सांगून झालंय! कॉलेज संपल्यावर आलाच होता की घरी, तुला मागायला. मीच दारातून हाकलला. म्हटलं, तिनेच सांगितलंय, तू नकोयस तिला."

पेटीताई पेटीवरून मागे वळली. तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं. त्याने चष्मा काढून हातात धरला होता, समोरचं काही दिसत नसल्यासारखा.

"तू आला होतास?"

"तू... तसं सांगितलं नव्हतंस?"

तिला वाटायचं, हा एक शब्द न बोलता गाव सोडून गेला. त्याला वाटायचं, हिने भावाच्या तोंडून झिडकारलं. त्याने संसार केला, बायको गेली, परत येऊन चष्म्यांचं दुकान टाकलं. तेही दातांच्या दवाखान्यासमोर, जिथे ती कवळ्या बनवायची. पुन्हा भेटले तेव्हा दोघंही म्हणाले, झालं गेलं सोडून देऊ. दोघांनी मोठ्या मनाने एकमेकांना माफ केलं, न केलेल्या गुन्ह्याबद्दल! देवाची गुणी लेकरं! माफ करण्याआधी विचारावं, एवढी अक्कल कुठल्या उपदेशात कुणी दिली नव्हती.

"आई, तुला ठाऊक होतं?"

पहिल्या बाकावर आईने जिभेने कवळी नीट बसवली. लेकीनेच बनवलेली.

"मी चहा टाकला होता गं त्याच्यासाठी. यानं थांबूच दिलं नाही त्याला."

चहा टाकला होता. आणि इतकी वर्षं रोज एका ताटाशी बसून ही बाई गप्प!

पाळकसाहेब खाकरले. "ही काही हरकत होत नाही. लग्न होईल. ताई, भावाला क्षमा कर, आणि गीत घेऊ."

"गीत घेते. क्षमा आज नाही."

"ताई, हे देवाचं घर आहे."

"म्हणूनच खोटं बोलत नाही. एकदा न विचारता माफ करून बसलेय. आता आधी विचारणार. मग बघू."

दादा उभाच होता. त्याला बस म्हणायलाही कुणी धजेना.

चष्मेवाला बाकामधून बाहेर आला आणि सगळ्यांदेखत पायपेटीपाशी जाऊन उभा राहिला. बैठक एकाचीच. ती सरकली, तो कसाबसा टेकला. आता डावीकडच्या पट्ट्यांपर्यंत तिचा हात पोचेना.

"ती शेवटची पांढरी. मी मान हलवली की दाब."

तिने भाता भरला, मान हलवली. त्याने हातातला चष्मा आधी डोळ्यांवर चढवला, मग पट्टी शोधली.

सूर उशिरा आला. तोवर सगळी मंडळी उभी राहून थांबली होती.