थोड्याच दिवसांचे कपडे

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे. निळी होते, आता माझा रंग विचारू नका. कारखान्यात मला दुहेरी शिवण घातली होती आणि माझी चेन आजवर कधी अडकलेली नाही. त्याचा मला भारी तोरा होता.

आईवडील नसलेल्या एका मुलीला पहिल्यांदा सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे पाठवलं, तेव्हा मला तिच्या हातात दिलं. तिची बडबड एवढी, की सगळे तिला टिटवी म्हणायचे. घरं बदलत गेली, आम्ही दोघी तेवढ्या कायम. शेवटच्या घरातल्या काकू मात्र म्हणाल्या, "आता हे तुझंच घर." टिटवीने मला रिकामी करून माळ्यावर टाकलं. धूळ खाताना मला कोण आनंद झाला होता!

पुढे टिटवी गप्प गप्प राहू लागली. जेवेना, झोपेना. एकदा तिने जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी तिला मुलांच्या मानसोपचार वॉर्डात ठेवायला सांगितलं. ती बाहेरच्या खोलीत बसलेली असताना काकूंनी मला भरलं.

"थोडे दिवस राहा, मग मी न्यायला येते," त्या तिला म्हणाल्या.

पण माझ्या पोटात काय होतं ते मला ठाऊक होतं. भर उन्हाळ्यात लोकरीचा स्वेटर. शाळेचा गणवेश. भिंतीवरून काढलेली तिची चित्रं. काकू मेलीने केसांची पिनसुद्धा मागे ठेवली नव्हती. तेव्हा तरी चेन अडकायला हवी होती! पण नेमकी सुरळीत लागली.

वॉर्डात नर्सताईंनी सुरक्षेच्या नियमाप्रमाणे माझा पट्टा काढला, पायजम्याची नाडी काढली आणि एकेक वस्तू टेबलावर ठेवली. स्वेटर निघाला तशी टिटवी उभी राहिली.

"हा कशाला दिलाय?"

"मला माहीत नाही गं. आपण त्यांनाच विचारू."

फोन लावला. काकूंना आता तिला सांभाळणं झेपणार नव्हतं म्हणे. टिटवी रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं."

मला कुणी उभं फाडलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

आता ती औषधं घेते, नर्सताईंशी थोडं बोलते. "नवीन घर मिळालं का?" असं विचारलं, की त्या "अजून नाही" असं खरंखुरं सांगतात. तिला कपाट दिलंय, पण तिचे कपडे माझ्यातच असतात. माझी चेन मात्र ती कुणाला लावू देत नाही.

मित्रांनो, मोठे झालात आणि कुणाला घराबाहेर पाठवायची वेळ आलीच, तर त्याची बॅग त्याच्यासमोर भरा.