कोपऱ्यावरचा बाक

गल्लीच्या समितीचे सेक्रेटरी म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव! रिकामटेकड्या माणसांचा त्यांना भारी तिटकारा. कोपऱ्यावरच्या झाडाखाली बाक होता. तिथे कोणी डबा खायचं, कोणी तासन् तास गप्पा छाटत बसायचं. सेक्रेटरींनी ठराव मांडला आणि बाक उचलून समितीच्या शेडमध्ये टाकला. घरात मात्र याचा पत्ता लागू दिला नाही. त्यांची बायको तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणात होती, आणि तो बाक तिचा फार लाडका.

तीन महिने झाले तरी ती बाहेर पडायला धजेना. डॉक्टरांनी बजावलं, "चालला नाहीत तर गुडघा कायमचा आखडेल."

"बाकापर्यंत जाते, जरा टेकते आणि परत येते. चालेल ना हो?" एका सकाळी तिनं विचारलं.

सेक्रेटरी तिची काठी आणायला वळले. "न चालायला काय झालं?" खरं सांगितलं तर ही निघायचीच नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

पानगळीचे दिवस होते. रस्ताभर पिवळी पानं पसरली होती. काठी टेकत ती लहान मुलीसारखी सगळं पाहत चालली. लॉन्ड्रीवाल्यानं पाटी रंगवली वाटतं! समोरच्या बाल्कनीत मांजरीला पिल्लं झाली! सेक्रेटरींचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. कोपरा जवळ येऊ लागला तसा त्यांना थंडीत घाम फुटला.

झाडाखाली पानांतून चार बोल्ट तेवढे वर आले होते.

"अहो, बाक कुठाय?" तिचे पाय लटपटायला लागले. सेक्रेटरींनी तिला धरलं, पण बसवणार कुठे? तेवढ्यात समोरच्या दुकानातून टेलरमावशी स्वतःचं मशीनपुढचं स्टूल घेऊन धावत आल्या.

"बसा ताई, बसा आधी!"

ती बसली, पाणी प्यायली आणि मग भडकली. "कोण मेला घेऊन गेला बाक?"

सेक्रेटरी पानांकडे बघत म्हणाले, "मीच तो मेला."

"तुम्ही? अहो, त्या बाकाच्या आशेवर मी तीन महिने पाय हलवत होते!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशी हळूच म्हणाल्या, "साहेब, राग मानू नका. तिथं डबा खाणारा माणूस सकाळपासून पाण्याच्या टाक्या धुतो. गप्पा मारणाऱ्या आजींच्या घरी बोलायला चिटपाखरू नाही. टेकायला येतो तो आळशी नसतो हो, दमलेला असतो."

सेक्रेटरींची मान खाली गेली. आपण हाकलली ती रिकामटेकडी नव्हे, दमलेली माणसं होती, हे त्यांना आज कळत होतं!

"बाक आल्याशिवाय मी इथून हलायची नाही," बायकोनं जाहीर केलं.

शेडमधून बाक एकट्यानं निघेना. मदतीला आला तो नेमका टाक्या धुणारा. त्यानं पुढे होऊन एक बाजू उचलली. बोल्ट आवळून होईपर्यंत सेक्रेटरी धापा टाकत होते.

मंडळी, रस्त्यावरची बसायची जागा ही कुणावर मेहेरबानी नसते. आज दुसऱ्याचे पाय थकले आहेत, उद्या आपल्या घरचे थकतील. दुसऱ्याची सावली काढून घेणारा स्वतःच उन्हात उभा राहतो!

बायको बाकावर सरकली. टाक्या धुणाऱ्याला तिनं शेजारी बसवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "दमलात?"

"दमलो गं."

"मग बसा की! त्यासाठीच असतो तो."