पाटीखालची पिकदाणी

मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. मित्रांनो, नाक मुरडलंत ना? मुरडा. मला स्वतःचीच किळस येते.

बंगळुरूच्या राजाजीनगरात मराठी मंडळाचं एक मंगल कार्यालय आहे. तिथल्या लग्नात व्याह्यांपुढे पान-तंबाखूचं तबक ठेवायचं आणि शेजारी मला, ही रीत. तांबटाने माझ्या काठावर हौसेने वेलबुट्टी कोरली होती. ती पिंकेखाली कधीच बुजली. माझ्या पोटात काय काय साचलं ते सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल.

मग शिवलीलाअक्कांच्या महिला मंडळाने कार्यालयात तंबाखूबंदी केली. तबक गेलं, भिंतीवर पाटी लागली. पण व्याह्यांचा मान राहावा म्हणून मंडळींनी मला चिंचेने घासून नेमकं त्या पाटीखालीच मांडलं. पाहुणे पाटी वाचायचे आणि पचकन थुंकायचे. शी! असली ती बंदी.

कार्यालयाचे व्यवस्थापक नागोजीअण्णा माझे रोजचे गिऱ्हाईक. ते जेवताना भिंतीकडे तोंड करून बसत. का, ते कोणी विचारलं नाही. त्यांच्या मुलीच्या, सुप्रीताच्या साखरपुड्यात तिने त्यांना लाडू भरवायला हात पुढे केला. अण्णांचं तोंड उघडेना. लाडू ओठांवरच फुटला आणि ते मान खाली घालून सदऱ्यावरचे कण वेचत राहिले.

डॉक्टर म्हणाले, गुटख्याने गाल आतून आखडलेत, आता सोडलं नाही तर पुढे कर्करोगाची भीती आहे. अण्णा चिडले, रडले, पण त्यांनी सोडलं. मला त्यांनीच अडगळीच्या खोलीत टाकलं.

सुप्रीताच्या लग्नात नवरदेवाच्या काकांनी गुटख्याची पुडी काढली आणि पिकदाणी मागितली. मुलीकडच्यांचे चेहरे उतरले. व्याह्यांना नाही कसं म्हणायचं? अडगळीच्या दारातून मी बघत होते. आता पुन्हा मला बाहेर काढणार!

अण्णा पुढे आले. "सरी, बरं, पिकदाणी देतो पाव्हणं. आधी स्वल्प हे बघा."

इतकी वर्षं लपवलेलं तोंड त्यांनी भर मांडवात उघडलं आणि बोट घातलं. जेमतेम एकच बोट आत गेलं. मग काकांनी पुडी अण्णांच्याच हातावर ठेवली.

मित्रांनो, मला पुन्हा घासूनपुसून बाहेर मांडू नका. इथे कोळी जाळी विणतात, झुरळं फिरतात. त्यांची मला किळस येत नाही.