रबरी माकूळ

त्या दुपारी लोकांनी रांग लावून माझ्या आवडत्या नटाच्या थोबाडीत मारलेलं मी पाहिलं. रबरी माकुळाने. मी रत्नागिरीची. मासळीबरोबर माकुळं साफ करण्यात माझं बालपण गेलं, हाताचा वास कधी गेला नाही, पण शिसारी आली ती त्या दुपारी.

ताक इल-मुन हे कोरियन नट. नायक कधीच झाले नाहीत. त्यांचं नाव मालिका संपल्यावर बारीक अक्षरांत येई. आम्ही सिंगापूरला मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हापासून, म्हणजे पंचवीस वर्षं, मी त्यांना बघत आले. ते खाटीक झाले, राजवैद्य झाले, न्यायाधीश झाले, तीनदा खुनी झाले आणि एकदा त्यांचाच खून झाला. एका मालिकेचे सोळाच्या सोळा भाग ते शाळेची घंटा वाजवणारे शिपाई होते. शेवटच्या भागात त्यांनी घंटा वाजवली नाही, तेव्हा मी रात्री जेवले नाही. माझे यजमान शामकांत जहाजावर चीफ इंजिनियर. सुट्टीवर घरी आले की शेजारी येऊन बसत आणि विचारत, "काय म्हणतायत आपले ताकवाले?"

मग ती नावाड्याची भूमिका आली. एक हात निकामी झालेला म्हातारा वादळात दुसऱ्या हाताने होडीचा दोर खुंटाला बांधतो. शामकांत एकदम उठून उभे राहिले.

"थांब, मागे घे ते."

तीनदा पाहिलं त्यांनी.

"आशा, हा माणूस कुठेतरी महिनोन्महिने होडीवर राहिलाय. ही न सरकणारी गाठ एका हाताने घालायला मला दोन वर्षं लागली. कोण बघणार होतं? तरी शिकला."

लगेच माझ्या साडीच्या पदरावर त्यांनी ती गाठ मलाही शिकवली. म्हणाले, "कधी भेटलाच तर सांगायचं, एका जहाजवाल्याने पाहिलं." शामकांतना जाऊन अकरा वर्षं झाली. निरोप माझ्याकडे राहिला.

सहा वर्षांपूर्वी एका फालतू विनोदी मालिकेत विहीणबाईने ताकांच्या तोंडावर ओलं माकूळ हाणलं. चार सेकंदांचा प्रसंग. तो मोबाइलवर फिरला, टी-शर्टवर आला, आणि त्याने बाकीचं सगळं गिळलं.

म्हणून माझी नात स्वानंदी तांजोंग पगारच्या ऑफिसातून नाचत आली आणि "आजी, तुझे ताकवाले सिंगापूरला येतायत, व्हीआयपी तिकीट काढलंय, स्टेजवर वीस सेकंद मिळणार," म्हणाली, तेव्हा मला वाटलं, चला, उशिरा का होईना, कदर झाली. सत्काराला जाते तशी मी तयार झाले. लिटिल इंडियातून नारळ आणला. कपाटातून शाल काढली. निवृत्त झाल्यावर इथल्या मराठी मंडळाने शामकांतना दिलेली ती. तिची घडीही मोडलेली नव्हती.

दारावरच्या रखवालदाराने पिशवी उघडली.

"आँटी, कॅनॉट. हार्ड ऑब्जेक्ट."

"अहो, सत्काराचा आहे!"

"आजी, त्याला वाटतंय तू फेकून मारशील," स्वानंदी हसत म्हणाली.

नारळाला नंबर लावून तो छत्र्यांच्या टोपलीत टाकला. आत गेल्यावर कळलं, फेकून मारायची सोय त्यांनीच केलेली होती.

पडद्यावर तेच चार सेकंद पुन्हा पुन्हा चालू होते. नावाडी नाही, शिपाई नाही. स्टेजवर एका परातीत चिकट बुळबुळीत पाण्यात रबरी माकुळं ठेवलेली. ज्याने त्याने एक उचलायचं, ताकांच्या गालावर मारायचं, फोटो काढायचा. चपाक. बहात्तर वर्षांचा माणूस डोळे फिरवून मागे पडायचा, उठायचा. मग एक मुलगी येऊन टेबल पुसावं तसं त्यांचं तोंड पुसायची. पुन्हा चपाक.

"तुला माहीत होतं हे?" मी स्वानंदीला विचारलं.

"जस्ट फन आहे लाह, आजी," ती इथल्या बोलीत म्हणाली. "त्यांनाही चालतं."

"शाळेचा शिपाई आठवतो? माझ्या मांडीवर बसून पाहिलास. रडली होतीस."

ती मोबाइलकडे बघू लागली.

मागे मंडळाचे चंद्रशेखर उभे होते. शामकांतच्या खांद्यावर ती शाल त्यांनीच घातली होती.

"आशाकाकू, दणकून हाणा हं! मंडळाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. आणि शाल कसली? तो काय कीर्तनकार आहे?"

"तुम्हाला ही शाल ओळखू येत नाही?" मी विचारलं.

"शाली काय, सगळ्या सारख्याच, काकू."

माझी पाळी आली. मुलीने माझ्या हातात ते गार, बुळबुळीत माकूळ ठेवलं. मी ते परत परातीत टाकलं आणि शाल उलगडली. माझे हात वर गेलेले दिसताच ताकांनी डोळे अर्धवट मिटले आणि गाल पुढे केला. सवयीने, गाईने दोरीसाठी मान पुढे करावी तसा. लोकांची किळस आलीच होती. त्या गालापुढे ती काहीच नव्हती.

मी शाल त्यांच्या खांद्यांवर घातली. ते थापडेची वाट बघत राहिले. शालीच्या लोंबत्या टोकाला मी एका हाताने शामकांतची गाठ घालू लागले. बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली, गाठ चुकली. ताकांनी खाली पाहिलं. एक हात पाठीमागे नेला, अगदी त्या नावाड्यासारखा, आणि दुसऱ्या हाताने माझी गाठ सोडून नीट घातली, खेचून पाहिली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. काहीतरी हळू बोलले. खाली अक्षरं आल्याशिवाय मला त्यांची भाषा कळत नाही.

"आमच्या ह्यांनी पाहिलं होतं," मी मराठीतच म्हणाले.

"नेक्स्ट!"

मी पायऱ्या उतरत होते तेवढ्यात चंद्रशेखरांनी हाणलं. चपाक. ताक तसेच डोळे फिरवून मागे पडले, शाल खांद्यावरून घसरली, हॉल हसला. एक माणूस धावत आला आणि त्याने शाल माझ्या हातात कोंबली. "आँटी, गिफ्ट नॉट अलाउड." तिला ते बुळबुळीत पाणी लागलं होतं.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. माझे हात वर, त्यांचा गाल पुढे. खाली चंद्रशेखरांनी लिहिलं होतं, "आशाकाकूंची चपराक!" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली.

"मी लिहू त्यांना, तू मारलं नाहीस म्हणून?" स्वानंदीने विचारलं.

"नको. त्या ग्रुपमधून बाहेर कसं पडायचं तेवढं दाखव."

तिने दाखवलं. मग मी मोरीत बसून शाल धुतली. दोनदा साबण लावला तेव्हा कुठे चिकटपणा गेला. गाठ ओली होऊन आणखी आवळली गेली.

"आजी, ही सोडवून देऊ?"

"हात लावू नकोस."

ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "कितव्या भागात आहे तो नावाडी?"

"नवव्या," मी म्हणाले. "पण पहिल्यापासून बघ. आणि तो मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून ये."